चालण्याचं उद्यापन

"तुमच्या घरी डायबेटिस कुणाला आहे?" डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत उजेड मारता मारता विचारलं.

"ह्यांच्या आत्याबाईंना," मी म्हटलं.

"नवऱ्याच्या आत्याकडून तो तुमच्याकडे येत नाही हो. माहेरी कुणाला?"

"आईला होता. पण म्हातारपणी."

"आणि तुम्हाला?"

"मला नाही."

डॉक्टरांनी दिवा बाजूला केला आणि खुर्ची मागे सरकवली. "तुम्हाला आहे. पडद्यावर जेवढं दिसतंय तेवढं एका वर्षात होत नाही. रक्त तपासून या. चष्म्याचा नंबर मी आज काढत नाही."

असं माझं निदान झालं. सुईत दोरा ओवायला वेळ लागतो, म्हणजे नंबर वाढला असेल, अशा समजुतीने मी गेले होते. चष्मा मिळाला नाही आणि मधुमेह मिळाला. डोळ्यांत घातलेल्या थेंबांमुळे सगळं धूसर दिसत होतं, त्यामुळे रिक्षात बसून मी रडले ते थेंबांमुळे की कशामुळे, हे रिक्षावाल्याला कळलं नसावं.

मी कर्वेनगरला ब्लाऊज शिवते. तीस वर्षं झाली. फ्लॅटच्या पुढच्या खोलीत माझं मशीन आणि कापायचं टेबल असतं, आणि उरलेल्या जागेत आम्ही राहतो. आम्ही म्हणजे मी आणि हे. हे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. आता निवृत्त झालेत, पेपर वाचतात आणि मला टोमणे मारतात. मुलगा बंगळूरला असतो.

माझ्याकडे मापांची वही आहे. कर्वेनगरमधल्या कुठल्या बाईची कंबर कुठल्या वर्षी किती होती हे मी सांगू शकते, सांगत नाही एवढंच. समोरची बाई दारात उभी राहिली की टेप न लावता मला कळतं, हिचं दंडाचं माप वाढलंय. स्वतःच्या बाबतीत मात्र मी दरवर्षी ब्लाऊजच्या आतली माया, म्हणजे शिवताना राखलेलं जादा कापड, थोडं थोडं सोडत गेले आणि कापड आटलंय असं म्हणत राहिले.

रक्ताचा रिपोर्ट आला. एचबीए१सी नऊ पॉइंट आठ. हा शब्द तुम्हाला पुढे सारखा ऐकू येईल म्हणून सांगते. उपाशीपोटी तपासलेली साखर त्या सकाळपुरती असते. एचबीए१सी ही साधारण गेल्या तीन महिन्यांची सरासरी असते, त्यामुळे आदल्या दिवशी शहाण्यासारखं वागून तिला फसवता येत नाही. ती साडेसहाच्या वर गेली की मधुमेह.

आणि माझ्या डोळ्यांत जे होतं त्याला डायबेटिक रेटिनोपथी म्हणतात. डोळ्याच्या मागे जो पडदा असतो, ज्यावर आपल्याला सगळं दिसतं, त्यातल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या साखरेने खराब होतात आणि झिरपायला लागतात. दुखत नाही, खुपत नाही, लालही होत नाही. म्हणून तर कळत नाही.

मधुमेहाच्या डॉक्टर बाई आहेत, फार सरळ बोलणाऱ्या. त्यांनी गोळ्या दिल्या, गोड बंद केलं, रात्रीचा भात बंद केला आणि रोज पाऊण तास चालायला सांगितलं. मी विचारलं, "डोळे बरे होतील ना?"

"आहेत ते ठिपके आहेत. साखर आटोक्यात राहिली तर तिथेच थांबतील. नाही राहिली तर मधल्या भागात पाणी झिरपेल. मग बारीक काम विसरायचं."

"बारीक काम म्हणजे?"

"तुम्ही करता तेच."

मला दुसरं काही येत नाही. दहावीनंतर शिवणक्लास केला आणि तेव्हापासून मी हेच करते आहे. आणि खरं सांगायचं तर मला हेच आवडतं. काठाची पट्टी बाहीवर बरोबर बसली की मला जो आनंद होतो तो मुलाच्या लग्नातही झाला नव्हता. तेव्हा हे सगळं हातचं जाणार, ही भीती पोटात घेऊन मी दुसऱ्या दिवशी सकाळी चालायला बाहेर पडले.

तीन दिवस चालले. चौथ्या दिवशी पाऊस होता. पाचव्या दिवशी पाऊस नव्हता, पण येईल असं वाटत होतं. सहाव्या दिवशी एका गिऱ्हाईकाचं काम होतं. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "भीती तीन दिवस पुरली म्हणायची."

मला राग आला, पण म्हणणं खरं होतं. भीती फार दिवस ताजी राहत नाही. मग मी विचार केला, मला आजवर काय जमलंय? आणि उत्तर लगेच मिळालं. चातुर्मासाचा नेम! माझ्या आईने मला बारा वर्षांची असताना पहिला नेम दिला होता, वांगं खायचं नाही. त्यानंतर दरवर्षी आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी मी काही ना काही पाळत आले. एका वर्षी जेवताना मौन. एका वर्षी रोज तुळशीला एकशे आठ प्रदक्षिणा, त्याही कुंडीतल्या तुळशीला, बाल्कनीत. एकही नेम मोडला नव्हता. आणि आषाढी चार दिवसांवर होती.

मी देवासमोर पाणी सोडलं आणि नेम घेतला. चार महिने रोज पाऊण तास चालीन, चहात साखर घालणार नाही आणि रात्री भात खाणार नाही.

तो नेम मी जसा पाळला तसा कुणी पाळला नसेल. भर पावसात छत्री घेऊन गेले. गणपतीत उकडीच्या मोदकाकडे पाहून नमस्कार केला आणि तो ह्यांच्या पानात वाढला. सर्दी झाली तरी गेले. आमच्या खालच्या मजल्यावर वर्षावहिनी राहतात, मूळच्या यवतमाळच्या, त्यांनाही गुडघ्यासाठी चालायला सांगितलं होतं. त्या सोबतीला आल्या. कॅनॉलच्या कडेच्या रस्त्याने जायचं, देवळाशी वळायचं आणि परत यायचं. वर्षावहिनी बोलतात भरपूर, त्यामुळे पाऊण तास कसा जायचा ते कळायचं नाही.

नोव्हेंबरात तपासणी झाली. एचबीए१सी सहा पॉइंट नऊ! डॉक्टर बाईंनी रिपोर्ट दोनदा पाहिला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा तपासला आणि म्हणाले, "ठिपके वाढलेले नाहीत. मधला भाग स्वच्छ आहे. असंच चालू ठेवा." वजन सहा किलोंनी उतरलं होतं. माझे सगळे ब्लाऊज मी आत घेतले, तीस वर्षांत पहिल्यांदाच.

आणि मग मी ती चूक केली, जी आमच्यासारख्या घरातली बाईच करू शकते.

नेम झाला की त्याचं उद्यापन करतात. म्हणजे नेम पूर्ण झाला असं देवाला सांगायचं, जे सोडलं होतं ते कुणाला तरी दान द्यायचं, जेवण घालायचं, आणि मग आपण ते पुन्हा खायला मोकळे. वांगं सोडलं तर वांगी द्यायची. साखर सोडली होती म्हणून मी गुरुजींना साखर दिली, तांदूळ दिले. चालण्याचं काय द्यायचं ते कळेना. म्हणून ह्यांच्या आत्याबाईंना फोन केला. त्या नव्वदीच्या आहेत आणि त्यांना सगळं ठाऊक असतं.

"चालण्याचा नेम?" आत्याबाई म्हणाल्या. "आमच्या वेळी असला नेम नव्हता. आम्ही चालतच होतो. पण पादत्राण द्यावं."

मी वर्षावहिनींना ओटी भरून पांढरे स्पोर्ट्स शूज दिले. द्वादशीला पुरणपोळीचं जेवण केलं, सोसायटीतल्या पाच बायका बोलावल्या. वर्षावहिनींनी बूट हातात घेतले, उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "मले बूट देऊन राहिल्या, म्हंजे आता मी एकटीनंच चालू का जी?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. मी त्या दिवशी तीन पोळ्या खाल्ल्या, तूप घालून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चालायला गेले नाही. मला त्यात काही चुकतंय असं वाटलंच नाही. नेम संपला होता, रीतसर संपला होता. मोडला असता तर जीव खालीवर झाला असता. हा मोडला नव्हता, पूर्ण झाला होता. याच्यासारखं समाधान नाही, आणि त्या समाधानातच मी अंथरुणात पडून राहिले.

शिवाय तुळशीचं लग्न झालं की माणसांची लग्नं सुरू होतात. डिसेंबर ते फेब्रुवारी म्हणजे माझ्या धंद्याचा मोसम. एकेका घरचे पंधरा-पंधरा ब्लाऊज, प्रत्येकीला पाठीला वेगळा आकार, आणि प्रत्येकीला तो परवापर्यंत हवा. सकाळी सहाला मी मशीनवर बसायची. गिऱ्हाइकं येताना लाडू आणायची, आमंत्रण द्यायला आली की पेढे. चहात साखर कधी परत आली ते मला आठवतही नाही. आधी अर्धा चमचा होता. गोळ्या चालू होत्या, आठवण झाली की. संक्रांतीला तिळगूळ तर कोण नाकारतं? वर्षावहिनी सुरुवातीला खालून हाक मारायच्या, मग त्यांनी हाक मारणं सोडलं. त्या नव्या बुटांत एकट्या जात होत्या.

मार्चमध्ये एका नवरीच्या ब्लाऊजला पायपिंग लावत होते. पायपिंग म्हणजे गळ्याच्या कडेला लावलेली बारीक गोट. लावून पाहिलं तर वाकडं आलं होतं. मधेच एक लाट. उसवलं, पुन्हा लावलं, पुन्हा लाट. तिसऱ्यांदा मशीन बदललं, जुनं पायाचं मशीन काढलं. तेच! मशीनवाल्याला बोलावलं. त्याने अर्धा तास खटपट केली, जुन्या कापडावर टीप मारून दाखवली आणि म्हणाला, "काकू, मशीन चांगलंय." मला त्याने मारलेली टीपही वाकडी दिसत होती. मी त्याला तसं सांगितलं. त्याला वाईट वाटलं.

संध्याकाळी मी ह्यांच्या पुढे ब्लाऊज धरला. "अहो, ही शिवण बघा बरं. कशी दिसते?"

ह्यांनी चष्मा लावला. कारखान्यात माल तपासणाऱ्याची नजर आहे ती. "सरळ आहे."

"नीट बघा."

"अगं, फूटपट्टीसारखी सरळ आहे." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि टोमणा मारला नाही. "तुला कशी दिसते?"

मी एक डोळा झाकला, मग दुसरा. उजव्या डोळ्याने शिवण सरळ होती. डाव्या डोळ्याने ती मधे वाकत होती, आणि वाकत होती तिथे थोडी पुसट होती. मी ब्लाऊज घडी करून टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात होतो. थेंब घातले. तासभर डोळे मिटून बसायचं असतं. तिथे दहा-बारा माणसं मिटल्या डोळ्यांनी भिंतीला लागून बसलेली असतात, कीर्तनाला बसल्यासारखी. मग ओसीटी नावाची तपासणी झाली. यात काही टोचत नाहीत. यंत्रात हनुवटी टेकवून आतल्या हिरव्या खुणेकडे पाहायचं, आणि यंत्र पडद्याच्या थरांचा उभा छेद काढतं, केक कापल्यावर त्याचे थर दिसतात तसा. माझ्या उजव्या डोळ्याचे थर सपाट होते. डाव्यात मधोमध फुगवटा होता.

"मॅक्युलर एडीमा," डॉक्टर म्हणाले. "पडद्याचा मधला भाग, ज्याने आपण बारीक बघतो, तिथे पाणी साचून सूज आली आहे. नोव्हेंबरात तर सगळं छान होतं. मग काय झालं?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "सांग की."

"उद्यापन केलं," मी म्हटलं.

"कशाचं?"

"चालण्याचं. आणि पथ्याचं."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि मधुमेहाला होतं का जेवायचं आमंत्रण?"

कोपऱ्यात बसलेली त्यांची सहायक मुलगी फिसकन हसली. मलाही हसू आलं आणि मग रडू आलं, आणि ते थांबेना. तिने टिश्यू पेपर आणून दिला. डॉक्टर जरा मऊ आवाजात म्हणाले, "ताई, तुम्ही वेळेवर आलात. शिवणकाम करता म्हणून लवकर कळलं. दुसऱ्या कुणाला ही लाट दोन महिने दिसली नसती. इंजेक्शन देऊ. महिन्याला एक, तीन महिने, मग बघू. पण साखर तशीच राहिली तर मी इंजेक्शनं देत राहीन आणि पाणी भरत राहील."

डोळ्यात इंजेक्शन हे ऐकूनच माणसाला घाम फुटतो, म्हणून ते कसं असतं ते सांगते. ऑपरेशनच्या खोलीत नेतात, पण भूल देत नाहीत. थेंबांनी डोळा बधिर करतात. तपकिरी औषधाने धुतात, ते थोडं झोंबतं. पापण्या मिटू नयेत म्हणून एक चिमटा लावतात, सगळ्यात नको वाटतं ते तेवढंच. मग "वर छताकडे बघा" म्हणतात, आणि डोळ्यावर अंगठ्याने दाबल्यासारखं वाटतं, आणि झालं. मी नर्सला विचारलं, "कधी देणार?" ती म्हणाली, "मावशी, दिलं." मला माझ्या ब्लाऊजच्या गिऱ्हाइकांची आठवण झाली, त्यांना मी असं कधीच सांगू शकत नाही. दोन दिवस डोळ्यासमोर एक काळा ठिपका तरंगत होता, मग गेला.

घरी आल्यावर मी पुन्हा देवासमोर बसले आणि मोठा संकल्प केला. आता चार महिने नाही, आता जन्मभर. एक दिवसही चुकवणार नाही.

डॉक्टरांनी सांगितलेले तीन-चार दिवस विश्रांती घेऊन एक तारखेपासून अकरा दिवस चालले. वर्षावहिनींनी मागचं काही काढलं नाही, फक्त म्हणाल्या, "बूट परत मागू नका बरं." बाराव्या दिवशी वारज्याला एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलीचं लग्न होतं. सकाळचा मुहूर्त, साडेसहालाच निघावं लागलं. चालणं झालं नाही, आणि आग्रहाने गुलाबजामही झाला. घरी आले ती तोंड पाडूनच. जन्मभराचा संकल्प आणि अकरा दिवसांत मोडला! आणि मोडलेला नेम म्हणजे मोडलेला. तो काही शिवता येत नाही. तेराव्या दिवशी मी गेले नाही. चौदाव्या दिवशीही नाही. पंधराव्या दिवशी सकाळी मी मशीनवर बसले होते आणि हे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपाशी उभे राहून दुधाचा हिशेब लावत होते.

आमच्याकडे दूधवाल्याचे खाडे कॅलेंडरवर लिहायची पद्धत आहे. तुमच्याकडेही असेल. ज्या दिवशी तो येत नाही त्या तारखेवर खा असं लिहायचं.

"आज चालायला नाही?" ह्यांनी विचारलं.

"मोडलं ते. आता आषाढीलाच बघू."

ह्यांनी कॅलेंडरवरचे खा बोटाने मोजले. "ह्या महिन्यात दूधवाल्याचे तीन खाडे आहेत."

"मग?"

"मग काही नाही. त्याने म्हशी विकल्या का, एवढंच विचारतोय. चौथ्या दिवशी दूध आलं होतं ना?"

मी मशीन थांबवलं. छत्तीस वर्षांच्या संसारात ह्यांच्या टोमण्यांनी माझं डोकं उठवलंय. पण त्या दिवशी मी उठून गेले, त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि कॅलेंडरवर बारा, तेरा, चौदा तारखेला लाल शाईने चा. खा. लिहिलं, म्हणजे चालण्याचा खाडा. मग चपला घातल्या आणि उशीर झाला होता तरी एकटीच कॅनॉलवर जाऊन आले. पंधरा तारीख कोरी राहिली.

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? पण माझ्यासाठी सगळं यातच होतं. मी लहानपणापासून दोनच गोष्टी शिकले होते, नेम पाळणं आणि नेम मोडणं. पाळला की शेवटी उद्यापन, मोडला की शेवटी पश्चात्ताप, आणि दोन्हीत शेवट आहेच. खाड्याला शेवट नाही. खाडा पडला की दुसऱ्या दिवशी कामावर यायचं, कुणी विचारत नाही आणि कुणी आरतीही करत नाही. नेमाला मी नावं ठेवत नाही. त्यानेच मला चार महिने चालायला शिकवलं. पण चातुर्मास चार महिन्यांचा असतो आणि साखर बारा महिने असते.

इंजेक्शनं तीन झाली. पहिल्यानंतर लाट कमी झाली, तिसऱ्यानंतर जवळजवळ गेली. डॉक्टरांनी मला चौकटींचा एक छापील कागद दिला होता, तो फ्रिजवर लावला. रोज सकाळी एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून त्याकडे बघायचं आणि रेघा वाकतात का ते पाहायचं. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी हा कागद डॉक्टरांकडून मागून घ्या. आणि दिसायला काहीही त्रास नसला तरी वर्षातून एकदा थेंब घालून पडदा तपासून घ्या. मी शिवणकाम करते म्हणून वाचले, तुम्ही करत नसाल.

पुढचं वर्ष काही फार शूरपणाचं गेलं नाही. ऑगस्टात पावसाने रस्त्यावर तळं केलं, तेव्हा मी आणि वर्षावहिनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून फेऱ्या मारायचो. वॉचमनला आम्ही काहीतरी शोधतोय असं वाटायचं. गणपतीत पाच खाडे पडले. एक मोदक मी खाते, गौरीजेवणाच्या दिवशी, आणि त्या रात्री भाकरी अर्धी. साखरेवाचून चहा मला आजही आवडत नाही, पण आता तो चहा आहे हे कळतं.

कार्तिकीच्या सुमारास आत्याबाईंचा फोन आला. "यंदा उद्यापन कधी गं?"

"यंदा नेमच नव्हता, आत्याबाई."

"नेम नव्हता?" त्यांना पटेना. "मग वर्षभर चालत कशाला होतीस?"

मी म्हटलं, सवय झाली. त्या म्हणाल्या, सवयीला पुण्य नसतं हो. मी म्हटलं, नसू दे.

लग्नाच्या मोसमाचीच मला धास्ती होती. या वेळी मी साडेसातच्या आधी मशीनचं झाकण काढायचं नाही असं ठरवलं आणि गिऱ्हाइकांना दोन आठवडे पुढच्या तारखा दिल्या. दोघी-तिघी रागावून दुसरीकडे गेल्या. एक परत आली, तिथे बाही बिघडवली म्हणून. तरी डिसेंबरात नऊ खाडे पडले. नऊ! आदल्या वर्षीची मी असते तर पहिल्यालाच हात टेकले असते. कॅलेंडरचं पान लाल दिसत होतं, आणि हे त्याच्याकडे बघून म्हणाले, "दूधवाला बरा तुझ्यापेक्षा." पण कुठेही लागोपाठ दोनाहून जास्त खाडे नव्हते.

फेब्रुवारीत पुन्हा तपासणी होती. एचबीए१सी सात पॉइंट एक आलं. नेमाच्या वर्षी आलं होतं त्याहून थोडं जास्तच. मी डॉक्टर बाईंपुढे ओशाळून बसले. त्या म्हणाल्या, "तो आकडा चार महिन्यांचा होता. हा लग्नसराईतला आहे. मला हा जास्त आवडला."

डोळ्यांच्या दवाखान्यात मी थेंब घालून भिंतीला टेकून बसले होते. शेजारी एक बाई होती, आवाजावरून पंचेचाळिशीची असेल. वारज्याला राहते, शाळेत शिकवते, असं तिने डोळे मिटूनच सांगितलं. गेल्याच आठवड्यात मधुमेह निघाला होता. हातातल्या पिशवीच्या बंदाशी तिचा सारखा चाळा चालू होता, ते मला ऐकू येत होतं.

"तुम्हाला किती वर्षं झाली?" तिने विचारलं.

"कळल्यापासून पावणेदोन."

"हे सगळं... चालणं, पथ्य... किती दिवस पाळायचं असतं हो?"

जन्मभर, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. खरं तेच आहे. पण तिचा हात थांबला होता आणि ती श्वास धरून बसली आहे हे मला न बघताही समजलं. मी ही भीती ओळखते. एवढा मोठा शब्द ऐकून मी घरी गेले असते आणि लाडू खाल्ला असता.

"उद्या सकाळी साडेसहाला काय करताय?" मी विचारलं.

"उद्या? काही नाही. का?"

"कर्वेनगरला कॅनॉलच्या रस्त्यावर या. देवळापाशी. आम्ही दोघी असतो. परवाचं परवा बघू."

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. ओसीटी झाली. डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली, पण मला थेंबांमुळे काही दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी वाचून दाखवल्यासारखं सांगितलं. "डावा डोळा कोरडा आहे. सूज नाही. पुढची तपासणी सहा महिन्यांनी." मी त्यांना नमस्कार केला. ते म्हणाले, "नमस्कार मला नको, त्या चालणाऱ्या वहिनींना करा." मी त्यांना केला, त्यांना कळू न देता, जिना चढताना त्यांच्या दारासमोर थांबून. ह्यांना मात्र काही म्हटलं नाही, नाहीतर वर्षभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी थंडी होती. आम्ही देवळापाशी सात वाजायला दहा मिनिटं कमी असेपर्यंत थांबलो. वर्षावहिनी म्हणाल्या, "नाही येत जी ते. शाळेतल्या बाया लय बिझी रायतात." आम्ही निघणार, एवढ्यात लांबून पुलाच्या बाजूने कुणीतरी घाईघाईने येताना दिसलं. चेहरा मी कधी उघड्या डोळ्यांनी पाहिलाच नव्हता.

मी उजवा डोळा हाताने झाकला. डाव्याने पाहिलं. निळा कुर्ता, पायात बहुतेक नवऱ्याचे बूट, आणि बगलेखालची शिवण चार बोटं उसवलेली.